परक्या वनांचे लाकूड : जपान आणि चीन

फेब्रुवारी संपत आला की जपानमध्ये हवामानाच्या अंदाजाबरोबर आणखी एक अंदाज रोज प्रसिद्ध होऊ लागतो. आज वाऱ्याबरोबर 'सुगी'चे पराग किती उडतील, हे त्यात सांगितलेले असते. सुगी हा जपानचा सूचिपर्णी वृक्ष. सरळसोट, उंच, लालसर गाभ्याचा. देवळांच्या आवारांत शतकानुशतके वाढलेला आणि घरबांधणीत पिढ्यान् पिढ्या वापरला गेलेला. त्याच्या परागांनी नाक गळणे, डोळे चुरचुरणे आणि शिंकांनी माणूस हैराण होणे हा विकार जपानी वैद्यकीय नियतकालिकांत प्रथम नोंदला गेला तो १९६४ साली. २०१९ च्या देशव्यापी पाहणीत सुमारे ३९ टक्के लोकांना तो जडल्याचे आढळले. अखेर २०२३ मध्ये जपानी सरकारने सुगीच्या लागवडीखालील क्षेत्र सुमारे दहा वर्षांत पाचव्या हिश्शाने कमी करण्याची योजना जाहीर केली.

ज्या देशाचा दोन तृतीयांश भूभाग वनाच्छादित आहे आणि ज्याला त्या वनांचा रास्त अभिमान आहे, त्या देशाच्या सरकारवर स्वतःची झाडे तोडण्यासाठी खास योजना आखण्याची वेळ का यावी? याचे उत्तर वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांपेक्षा बंदरांवरील आयातीच्या नोंदवह्यांत शोधणे अधिक श्रेयस्कर ठरेल. योगायोग असा की, परागविकाराची पहिली नोंद ज्या १९६४ सालची आहे, त्याच सालापर्यंत जपानने लाकडाची आयात पूर्णपणे खुली करून टाकली होती.

सूचिपर्णी वृक्षांचे लाकूड, म्हणजे व्यापाराच्या परिभाषेतील 'सॉफ्टवुड', हे जगातील बांधकामाचे मुख्य लाकूड होय. पाइन, स्प्रूस, फर, हेमलॉक, लार्च ही त्यातली प्रमुख नावे. अमेरिका आणि कॅनडा यांच्यातील या लाकडाचा तंटा १९८२ पासून गाजतो आहे. त्यामुळे या विषयाची चर्चा निघाली की लक्ष बहुधा तिकडेच जाते. परंतु प्रशांत महासागराच्या पश्चिम काठावरील दोन आयातदारांची, जपान आणि चीन यांची, कहाणी अधिक बोधक आहे. एक देश विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या लाकडाचा मोठा ग्राहक होता. दुसऱ्याने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याची जागा घेतली. आकड्यांचे आलेख काढले तर एकाची रेषा उतरताना दुसऱ्याची चढताना दिसते. मात्र त्या रेषांमागची कारणे सारखी नाहीत, आणि त्यांचा खर्च ज्यांनी सोसला तेही निरनिराळे आहेत.

रोपे वाढण्यापूर्वीच

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा जपानचे डोंगर उघडेबोडके झाले होते. युद्धासाठी अफाट तोड झाली होती. युद्धानंतर जळालेली शहरे पुन्हा उभी करण्यासाठी आणखी तोड झाली. पावसाळी वादळे आली की दरडी कोसळत आणि नद्यांना पूर येत. १९५० साली यामानाशी प्रांतात सम्राटांच्या उपस्थितीत पहिला राष्ट्रीय वृक्षारोपण समारंभ झाला आणि त्यानंतर दोन दशके या देशाने जे वृक्षारोपण केले त्याला इतिहासात फार थोड्या जोडी सापडतील. रानातील मिश्र, रुंदपर्णी झाडी काढून तेथे सुगी आणि हिनोकी यांची रोपे ओळीने लावण्यात आली. सरकारने अनुदान दिले, शेतकऱ्यांनी आपल्या मालकीच्या उतारांवर घाम गाळला. नातवाच्या घराला खांब होतील, या हिशेबाने आजोबांनी झाडे लावली. आज जपानमध्ये लागवडीची वने सुमारे १ कोटी हेक्टर, म्हणजे एकूण वनांच्या ४० टक्के आहेत आणि त्यांपैकी सुगीची एकट्याची ४४ लाख हेक्टर आहेत.

पण सुगी तोडण्याजोगा व्हायला चाळीस-पन्नास वर्षे लागतात, आणि जपानची आर्थिक भरारी तेवढे थांबायला तयार नव्हती. गावांतून तरुण शहरांकडे लोटत होते. त्यांना घरे हवी होती. लाकडाचे भाव भडकले. १९६१ साली सरकारला भाव आवरण्यासाठी तातडीचे उपाय योजावे लागले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत परदेशी लाकडाला दारे सताड उघडण्यात आली. १९५५ मध्ये जपान आपल्या गरजेचे ९५ टक्क्यांहून अधिक लाकूड स्वतःच्या वनांतून मिळवीत होता. १९६९ मध्ये हे प्रमाण निम्म्याच्या खाली उतरले आणि २००२ मध्ये तर अवघ्या १८ टक्क्यांच्या घरात येऊन पोहोचले.

जपानी लाकूडबाजारात परदेशी मालाला दिशांवरून नावे पडली. अमेरिकेचे ते 'बेइझाई', सायबेरियाचे ते 'होकुयोझाई' म्हणजे उत्तरसमुद्राचे लाकूड, आणि फिलिपाइन्स, बोर्निओ येथील रुंदपर्णी झाडांचे ते 'नान्योझाई', दक्षिणसमुद्राचे. ही नावे वखारीत एवढी रुळली की एका पिढीला लाकूड म्हटले की समुद्रच आठवावा.

त्यातही अमेरिकेचे लाकूड येण्यास निसर्गाचा एक तडाखा निमित्त झाला. १२ ऑक्टोबर १९६२ रोजी ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांवर प्रचंड वादळ आदळले आणि उभी जंगले आडवी झाली. पडलेली झाडे किडण्यापूर्वी विकली जाणे आवश्यक होते, आणि स्थानिक करवतगिरण्यांना एवढा माल पेलवेना. जपानी जहाजे तो न्यायला तयार होती. वादळाची तातडी संपली, पण व्यापार चालूच राहिला. लाँगव्ह्यू आणि कूस बे या बंदरांवर डग्लस फर आणि हेमलॉक यांच्या ओंडक्यांचे डोंगर रचले जाऊ लागले. १९७३ हे जपानच्या या भुकेचे शिखर होते. त्या वर्षी तेथे सुमारे १९ लाख नव्या घरांची कामे सुरू झाली, लाकडाची एकूण मागणी जवळजवळ १२ कोटी घनमीटरवर गेली आणि सर्व प्रकारचे मिळून सुमारे ५ कोटी घनमीटर नुसते ओंडके आयात झाले. लोकसंख्या तेव्हा ११ कोटींच्या आत होती. म्हणजे एका जपानी माणसामागे परक्या जंगलातील जवळपास अर्धा घनमीटर ओंडका दरसाल येत होता. चीनच्या भुकेविषयी आज पुष्कळ बोलले जाते. पण चीनच्या ओंडक्यांच्या आयातीने २०२१ साली गाठलेली पातळीही दरडोई पाहता याच्या दहाव्या हिश्शाएवढीच होती. जपानविषयीच्या आदरामुळे असो वा विस्मरणामुळे असो, ही तुलना सहसा केली जात नाही.

१९८५ च्या प्लाझा करारानंतर येन झपाट्याने वधारला. अडीच-तीन वर्षांत डॉलरची किंमत येनमध्ये जवळजवळ निम्मी झाली आणि परदेशी लाकूड जपानी ग्राहकाला आणखी स्वस्त पडू लागले. डोंगरातील शेतकऱ्यावर याचा काय परिणाम झाला, हे एका आकड्यावरून कळते. उभ्या सुगीला १९८० मध्ये घनमीटरमागे सरासरी सुमारे २२,७०० येन मिळत. २०२० मध्ये ती किंमत सुमारे २,९०० येनवर आली होती. झाड तोडून, ओढून, रस्त्यापर्यंत आणण्याचा खर्चही निघेना. तेव्हा झाडे तशीच राहिली. विरळणी थांबली, खोडे दाटीवाटीने वाढली, खाली सूर्यप्रकाश पोहोचेनासा झाला आणि तयार झालेली, परागांनी लगडलेली झाडे दर वसंतात आपले काम करीत राहिली. १९६६ साली जपानच्या वनांतील उभ्या लाकडाचा साठा सुमारे १९० कोटी घनमीटर होता. २०१७ मध्ये तो ५२० कोटींवर गेला. वने वाढत होती आणि त्याच वेळी वनांवर जगणारी गावे ओस पडत होती. वनकामगारांची संख्या १९८० मध्ये १ लाख ४६ हजार होती, ती २०२० मध्ये ४४ हजारांवर आली.

ओंडका की फळी?

लाकडाच्या व्यापारात एक भांडण नेहमीचे असते. घेणाऱ्याला ओंडका हवा असतो, देणाऱ्याला फळी विकायची असते. ओंडका चिरणे म्हणजे रोजगार. तो कोणाच्या गावात राहावा हा त्यातला खरा मुद्दा. जपानने ओंडक्यांवर शुल्क ठेवले नाही, प्रक्रिया केलेल्या लाकडावर मात्र ठेवले. हेतू उघड होता : माल परदेशचा असावा, पण करवत जपानी असावी. ऑरेगन-वॉशिंग्टनमधील गिरणीकामगारांना बंदरावर रचलेल्या प्रत्येक ओंडक्यात आपली गेलेली नोकरी दिसे. त्यांच्या दबावामुळे पश्चिमेकडील केंद्र सरकारच्या जंगलांतील ओंडके परदेशी धाडण्यावर अमेरिकेने प्रथम १९६८ मध्ये मर्यादा घातली आणि १९७३ पासून बंदीच आणली. १९८९ मध्ये अमेरिकेने जपानशी व्यापारी झगडा मांडला तेव्हा महासंगणक आणि उपग्रह यांच्या जोडीला लाकडी माल हा विषय होता. पुढच्याच वर्षी तडजोड झाली. त्याच १९९० साली ठिपकेवाल्या घुबडाचा समावेश संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत झाला, त्याचे आश्रयस्थान असलेल्या जुन्या जंगलातील तोड अमेरिकी न्यायालयांनी आणि पुढे सरकारने आवरली, आणि जपानला येणाऱ्या ओंडक्यांचा ओघ आटू लागला.

ओंडक्यांची जागा चिरलेल्या लाकडाने घेतली. नव्वदीच्या दशकाच्या मध्यास जपान सुमारे १ कोटी घनमीटर चिरीव सूचिपर्णी लाकूड आयात करीत होता. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातील गिरण्या तर जपानसाठी निराळा माल काढीत. जपानी सुताराला लागणारा खांब १०५ मिलिमीटर चौरस. त्याला गाठी चालत नाहीत, रंगाचा डाग चालत नाही. या चोखंदळ गिऱ्हाइकासाठी निवडलेल्या लाकडाची 'जे ग्रेड' नावाची प्रतच बाजारात रूढ झाली. भाव चांगला मिळत असल्याने कोणी कुरकुर केली नाही.

१७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबे शहराला भूकंपाचा धक्का बसला. सहा हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांतील बहुसंख्य जुन्या, जड कौलांच्या लाकडी घरांखाली चिरडून. त्यानंतर घराच्या सांगाड्यातील लाकूड ओले, वाकणारे नसावे याविषयी जपानी समाज कमालीचा जागरूक झाला. भट्टीत वाळविलेले आणि थर चिकटवून केलेले लाकूड हवेसे झाले. स्वीडन, फिनलंड आणि ऑस्ट्रिया यांनी ते पुरविले. डोंगरातल्या ओल्या सुगीला मात्र वाळविण्याची भट्टी पुष्कळ ठिकाणी नव्हती. कोबेच्या भूकंपाने अशा रीतीने दूरच्या पहाडांतील आणखी काही गावांचे दिवाळे काढले, ही बाब त्या दुर्घटनेच्या वृत्तांतांत आढळत नाही.

पूर आणि त्यानंतर

चीनची कहाणी पुराने सुरू होते. १९९८ च्या उन्हाळ्यात यांगत्से नदीला आणि ईशान्येकडील नद्यांना आलेल्या महापुरांत हजारो लोक प्राणांस मुकले आणि कोट्यवधींची दैना झाली. नद्यांच्या उगमाकडील डोंगर पन्नास वर्षे सरकारी वनमंडळांनी बेसुमार तोडले होते. माती वाहून नदीच्या पात्रात आली होती. पाणी ओसरण्याची वाट न पाहता पंतप्रधान झू रोंगजी यांच्या सरकारने हालचाल केली. सेचुआन प्रांतात १ सप्टेंबर १९९८ पासून नैसर्गिक वनांतील तोड बंद झाली आणि पुढे यांगत्सेचे वरचे खोरे व पीत नदीचे वरचे-मधले खोरे बंदीखाली आले. २००० ते २०१० या काळासाठी या कार्यक्रमावर ९,६२० कोटी युआन खर्चायचे ठरले. सरकारी वनमंडळांतील लाखो कामगारांची कामे गेली. २०१७ पर्यंत देशभरातील नैसर्गिक वनांत व्यापारी तोड थांबविण्यात आली होती.

तोड थांबली, पण बांधकाम थांबणार नव्हते. म्हणूनच १९९९ च्या आरंभी चीनने ओंडके आणि चिरीव लाकूड यांवरील आयातशुल्क शून्यावर आणले. जपानने आयात खुली केली ती रोपे लहान होती म्हणून. चीनने केली ती उगमावरची झाडे संपत आली होती म्हणून. जपानने पुढे रोपे मोठी झाल्यावरही दार उघडेच ठेवले. चीनला निदान तो आरोप लागू होत नाही.

उत्तरेकडे रशिया होता. सोव्हिएत राजवट कोसळल्यानंतर सायबेरियातील वनखाते दुबळे झाले होते, गिरण्या मोडकळीस आल्या होते आणि रोख पैशाची निकड होती. मांझौली आणि सुईफेन्हे या सीमेवरच्या गावांना एकाएकी महत्त्व आले. रशियाचा रेल्वेमार्ग १,५२० मिलिमीटरचा, चीनचा १,४३५ मिलिमीटरचा. त्यामुळे ओंडके सीमेवर एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवावेच लागत. या चढ-उताराभोवती गिरण्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. २००७ साली रशियातून चीनमध्ये सुमारे अडीच कोटी घनमीटर ओंडके गेले. त्याच वर्षी रशियाने 'ओंडका की फळी' हे जुने भांडण उकरून काढले : ओंडक्यांवरचे निर्यातशुल्क जुलैमध्ये २० टक्के, तर एप्रिल २००८ पासून २५ टक्के झाले. जपानला अमेरिकेकडून जो धडा मिळाला होता, तोच चीनला रशियाकडून मिळाला. फरक एवढाच की चिनी गिरणीवाल्यांनी त्यावरून फारसा वाद न घालता सायबेरियातच भांडवल गुंतवून तेथे करवती बसविल्या. १ जानेवारी २०२२ पासून रशियाने सूचिपर्णी ओंडक्यांची निर्यात बंदच केली, तेव्हा चिरीव मालाचा हा मार्ग चांगला मळलेला होता.

दरम्यान कॅनडात एका मिलिमीटरमध्ये मोजाव्या अशा किड्याने लाखो हेक्टरांचे पाइन वृक्ष वाळवून टाकले होते. मेलेले झाड काही वर्षांतच चिरावे लागते. पुढे त्याला भेगा पडतात. आणि नेमक्या याच सुमारास अमेरिकेतील घरबांधणी कोसळली. २००५ मध्ये तेथे २० लाखांवर घरे सुरू झाली होती, २००९ मध्ये साडेपाच लाखांच्या आसपास. कॅनडाला गिऱ्हाईक हवे होते आणि चीनला प्रतीची पर्वा नव्हती. जपानने नाकारलेली, गाठाळ, निळसर डागांची फळी चीनने घेतली. २०१० पर्यंत चिरीव सूचिपर्णी लाकडाच्या आयातीत चीनने जपानला मागे टाकले होते. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस चीनची ही आयात काही लाख घनमीटरची; २०१९ मध्ये ती सुमारे २ कोटी ८० लाख घनमीटरवर पोहोचली.

खांब आणि सेंट्रिंग

दोन देशांच्या आयातीची तुलना करताना घनमीटर हे एकच माप लावले, तर सर्वांत महत्त्वाची गोष्ट निसटते. ते लाकूड पुढे कशासाठी वापरले गेले?

जपानमध्ये आजही नव्या घरांपैकी निम्म्याहून अधिक लाकडी सांगाड्याची असतात. आयात केलेला खांब भिंतीत उभा राहतो आणि घराइतकाच टिकतो. चीनमधील नवी घरे ही काँक्रीटचे मनोरे आहेत. तेथे आयात केलेल्या सूचिपर्णी लाकडाचा फार मोठा भाग सेंट्रिंगसाठी गेला. आपल्याकडेही स्लॅब टाकताना खाली ज्या फळ्या आणि टेकू लावतात, तेच हे काम. न्यूझीलंडचा रेडिएटा पाइन आणि उत्तर अमेरिकेचा हेमलॉक चिरून त्यांच्या चौकोनी पट्ट्या काढायच्या, त्यांच्या आधारावर साचा बांधायचा, काँक्रीट ओतायचे, साचा सोडवायचा आणि पुढच्या मजल्यावर न्यायचा. थोड्याच वेळा वापरून झाल्या की त्या पट्ट्या भंगारात जातात. शांघायच्या मनोऱ्यात राहणाऱ्याला आपल्या घरासाठी दूरचे एक पाइनचे वन उभे राहून गेले आहे, याची कल्पना येण्याचे कारणच नाही. घरात त्याचा मागमूस उरलेला नसतो. उरलेला माल खोक्यांत, सामान चढविण्याच्या लाकडी चौकटींत आणि फर्निचरमध्ये गेला. यातले पुष्कळसे फर्निचर पुन्हा जहाजात चढून अमेरिकेत जात होते, हे चीनच्या बाजूने नमूद करणे न्याय्य ठरेल.

हा साचा सर्वांत अधिक पुरविला तो न्यूझीलंडने. रेडिएटा पाइन हे मूळचे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे झाड. न्यूझीलंडमध्ये ते अठ्ठावीस-तीस वर्षांत तोडण्याजोगे होते. २००८ मध्ये चीन आणि न्यूझीलंड यांच्यात मुक्त व्यापाराचा करार झाला आणि पाच-सहा वर्षांत सूचिपर्णी ओंडके पुरविण्यात न्यूझीलंड रशियाच्या पुढे गेला. ताइकांग आणि लानशान या चिनी बंदरांवर त्याचे ओंडके उतरू लागले. लागवडीचे वन कापले तर बिघडले कुठे, असा प्रश्न येथे कोणी विचारील, आणि तो चुकीचा नाही. नैसर्गिक जंगल तोडण्यापेक्षा ते केव्हाही बरे. परंतु न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील गिझबोर्न परिसराला याचे उत्तर निराळे मिळाले. मार्च १९८८ मध्ये बोला नावाच्या चक्रीवादळाने तेथील चराऊ टेकड्या ढासळल्या, तेव्हा माती धरून ठेवण्यासाठी सरकारी मदतीने पाइन लावण्यात आले. ती झाडे तोडणीला आली नेमकी चीनची मागणी उच्चांकावर असताना. ओंडके बंदरावर गेले आणि फांद्या, शेंडे, मोडकी खोडे उतारांवर राहिली. २०१८ मध्ये टोलागा बे येथे आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये गॅब्रिएल चक्रीवादळात हा सारा पसारा पुराबरोबर खाली आला. पूल मोडले, शेते गाडली गेली, समुद्रकिनारे लाकडांनी भरून गेले. माती धरण्यासाठी लावलेल्या झाडांच्या अवशेषांनीच शेती गाडावी, यासारखी विपरीत गोष्ट दुसरी नाही. सरकारने नेमलेल्या चौकशीने २०२३ मध्ये तोडीच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले.

जपान आणि चीन या दोहोंनीही आपल्या डोंगरांवर वने वाढविली, हे खरे आणि ते कौतुकास्पदही आहे. चीनचे वनाच्छादन सत्तरीच्या दशकाच्या मध्यास १३ टक्क्यांच्याही खाली होते, ते २०१८ पर्यंत सुमारे २३ टक्क्यांवर गेले. पण आंतरराष्ट्रीय परिषदांत हे आकडे वाचले जातात तेव्हा त्यांच्या शेजारी आयातीचे आकडे ठेवले जात नाहीत. ऑरेगनचे घुबड, सायबेरियातील लार्च आणि टोलागा बेचा किनारा यांना त्या तक्त्यात रकानाच नसतो.

उलटा प्रवास

आता दोन्ही रेषा खाली वळल्या आहेत. जपानची लोकसंख्या २००८ पासून घटणीस लागली. नव्या घरांची संख्या १९७३ च्या निम्म्याहून खाली आली आणि २०२३ च्या पाहणीत ९० लाख घरे रिकामी आढळली. चिरीव सूचिपर्णी लाकडाची जपानी आयात त्या वर्षी ५० लाख घनमीटरही नव्हती. लाकडाच्या बाबतीतील स्वयंपूर्णता ४० टक्क्यांच्या वर चढली आहे; ती चढण्यात डोंगरातील झाडे पक्व होण्याचा वाटा आहे तसा मागणी आटल्याचाही आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत घरबांधणीची लाट उसळली, लाकडाच्या वायद्याचा भाव हजार बोर्डफुटांना १,६०० डॉलरच्या वर गेला आणि जपानला परदेशी माल मिळेनासा झाला. जपानी वृत्तपत्रांनी त्याला 'लाकडाचा धक्का' असे नाव दिले. १९७३ च्या तेलधक्क्याची ती आठवण होती. घरचे लाकूड डोंगरावर भरपूर उभे होते. पण ते तोडायला ४४ हजार माणसे होती आणि वाळवायला भट्ट्या अपुऱ्या होत्या. साठ वर्षे बंद ठेवलेले दुकान आठवडाभरात उघडता येत नाही.

चीनची घसरण अधिक वेगाने झाली. २०२१ नंतर तेथील घरबांधणीचा फुगा बसला. २०१९ मध्ये २२७ कोटी चौरस मीटर नव्या बांधकामाची सुरुवात झाली होती. २०२४ मध्ये ती ७४ कोटींच्या आसपास राहिली. सर्व प्रकारच्या ओंडक्यांची आयात २०२१ मध्ये ६ कोटी ३० लाख घनमीटरांवर होती, ती दोनच वर्षांत ४ कोटींच्या खाली आली. जपानच्या मागणीला शिखरावरून उतरायला तीन दशके लागली होती. न्यूझीलंडमध्ये तोडणीच्या टोळ्या घरी बसल्या आणि कॅनडातील गिरण्यांनी चीनकडे डोळे लावणे सोडले.

या उतरत्या काळातच एक गोष्ट घडली आहे, जी १९६४ साली कोणाला सांगितली असती तर हसण्यावारी गेली असती. क्यूशू बेटाच्या दक्षिण टोकाशी शिबुशी नावाचे बंदर आहे. तेथून ओंडके परदेशी जातात, आणि त्यांचा सर्वांत मोठा ग्राहक चीन आहे. हे ओंडके सुगीचे आहेत. १९५०-६० च्या दशकांत नातवाच्या घरासाठी लावलेला वृक्ष आता पन्नास-साठ वर्षांचा होऊन समुद्र ओलांडतो आणि चीनमध्ये खोक्याच्या फळ्या किंवा सेंट्रिंगच्या पट्ट्या बनतो. सरळ, बिनगाठीच्या लाकडासाठी 'जे ग्रेड' मागणारा देश आज आपले लाकूड स्वस्त प्रतीचे म्हणून विकतो आहे.

यातून डोंगरमालकाच्या हाती जे पडते त्यात पुन्हा लागवड करण्याचा खर्च भागत नाही. रोपे लावायची, पाच-सहा वर्षे उन्हाळ्यात गवत कापायचे, आणि हरणांनी शेंडे खाऊ नयेत म्हणून जाळी बांधायची. हे सारे करणारा मुलगा बहुधा ओसाकात किंवा टोकियोत नोकरी करीत असतो. जपानमध्ये सरसकट तोड झालेल्या क्षेत्रापैकी तीस-चाळीस टक्क्यांवरच नव्याने रोपे लावली जातात. उरलेल्या उतारांवर पहिली काही वर्षे नुसते गवत आणि झुडपे असतात.